चार चॅनेलचं लेव्हल शिफ्टर बोर्ड: आठ महिने वापरल्यानंतर

लेव्हल शिफ्टर म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालणाऱ्या चिपमधले सिग्नल जुळवणारं बोर्ड. बीएसएस१३८ मॉस्फेटचं (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) हे बोर्ड ५ व्होल्टचा कंट्रोलर आणि ३.३ व्होल्टचे सेन्सर यांच्यामध्ये आठ महिने सलग चालू आहे. आयटूसीसाठी (चिपमधल्या संवादाची दोन तारांची पद्धत) बिनधास्त घ्या. एसपीआयसाठी (त्याहून वेगवान पद्धत) नको.

कारण साधं आहे. लाइन खाली खेचायला मॉस्फेट असतो, वर न्यायला मात्र फक्त १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे लाइन सप्लायला जोडणारा रेझिस्टर. लाइनची कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड धरली, तर सिग्नलला ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर चढायला सुमारे ०.४२ मायक्रोसेकंद लागतात. आयटूसीत १०० किलोहर्ट्झला या चढण्याची मर्यादा १ मायक्रोसेकंदाची, म्हणून निभावतं; ४०० किलोहर्ट्झला ती ०.३ आहे, म्हणजे नियमात बसत नाही. दोन्ही बाजूंना ४.७ किलोओहम समांतर जोडले की काम होतं. सेन्सर बोर्डावर आधीच पुल-अप असतील तर ते मोजून घ्या.

खरी गोची सप्लायची. ३.३ बंद आणि ५ चालू असेल तर ठीक: मॉस्फेट बंद, आतला डायोड उलटा, सेन्सर सुरक्षित. उलट झालं, म्हणजे ५ ची रेल (सप्लायची लाइन) शून्यावर आणि ३.३ चालू, की दोन पुल-अपचा व्होल्टेज विभागणारा डिव्हायडर बनतो आणि लाइन १.६५ व्होल्टच्या आसपास लटकते. ना हाय, ना लो. सेन्सर 'हरवला' असं वाटतं तेव्हा आधी हेच तपासा. एचव्ही (५ ची बाजू) आणि एलव्ही (३.३ ची बाजू) यांची अदलाबदल तर करूच नका; ३.३ च्या पिनवर जास्त व्होल्टेज जातं.

वेगवान सिग्नलना ५ वरून ३.३ वर आणायला ३.३ वर चालवलेली ७४एलव्हीसी२४५ ही बफर चिप घ्या. तिचे इनपुट ५.५ व्होल्टपर्यंत सहन करतात. परतीला, म्हणजे ३.३ वरून ५ वर न्यायला, ५ वर चालवलेली ७४एचसीटी चिप, तिला २ व्होल्टचा हाय पुरतो. ७४एचसी तिथे चालत नाही, तिला ३.५ लागतात.

५ चा सिग्नल ३.३ च्या चिपला द्यायला '१ किलोओहम सिरीजमध्ये टाका, झालं' हा सल्ला अर्धाच खरा. चिपच्या पिनवरच्या क्लॅम्प डायोडमधून (जादा व्होल्टेज सप्लायकडे वळवणारा) सुमारे १.१ मिलिअँप जातो, तो बहुतेक चिप सोसतात. पण चिपची सप्लाय बंद असताना तोच करंट ४ मिलिअँपच्या पुढे जाऊ शकतो. तो रेलमध्ये घुसतो, चिप अर्धवट जागी होते आणि रीसेट नीट होत नाही.

या बोर्डाचे रिकामे चॅनेल तसेच सोडले तरी चालतात, पुल-अप आहेतच. ७४एलव्हीसी२४५ चे रिकामे इनपुट मात्र ग्राउंडला बांधा.