मालगुडी डेजचा जुना डीव्हीडी सेट: अडीचशे रुपयांत काय मिळालं

मालगुडी डेज म्हणजे आर. के. नारायण यांच्या मालगुडी या काल्पनिक गावातल्या गोष्टींवरची दूरदर्शनची जुनी मालिका. आधीच सांगतो, सेट सेकंड हँड आहे. रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर पडला होता, कव्हर फाटलेलं, पोरांच्या गाईडांखाली दबलेला. गाडेवाला साडेतीनशे म्हणाला, मी दोनशे म्हणालो, अडीचशेला जमलं. घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला की हे लावणार कशावर, आणि तो बरोबरच होता. मग माळ्यावर चढून जुन्या मिक्सरच्या खोक्यामागून डीव्हीडी प्लेयर काढला, पुसला, त्या लाल पिवळ्या पांढऱ्या वायरी नव्या टीव्हीला कुठे लागतात हे शोधण्यात रविवारची दुपार गेली.

अँटेना फिरवायच्या आठवणी वगैरे सगळ्यांनी लिहून झाल्यात, त्या मी लिहीत नाही. माझी आठवण वेगळीय. १९८७ च्या आसपास मी आठ वर्षांचा होतो, आमच्याकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, त्यामुळे मालगुडी इतकं हिरवं आहे हे मला आत्ता शेहेचाळीसाव्या वर्षी कळलं! खरंच सांगतो, पहिला भाग लागला आणि मी गोष्ट सोडून नुसता रंगच बघत बसलो, ती कौलं, ओला रस्ता, मागची झाडी. शूटिंग कर्नाटकात आगुंब्याला झालंय, तिथला पाऊस आपल्या घाटमाथ्याच्या तोडीस तोड, मग हिरवं असणारच की. पण माझ्या डोक्यात मालगुडी कायम करड्या रंगाचं होतं आणि मला वाटायचं ते गावच तसलं आहे.

टायटलला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि एल. वैद्यनाथन यांचं ते ता ना ना ना. हे वाजल्यावर आतून आई आली, हातातलं लाटणं तसंच. बसली ती दोन भाग संपेपर्यंत उठलीच नाही, पोळ्या मी केल्या (नकाशे झाले, ते असो). मालिकेतला शाळकरी पोरगा स्वामी, त्याचे वडील दिसल्यावर म्हणाली, अरे हा तर गिरीश कार्नाड, माथेरानला जन्मलेला, मराठी काय छान बोलायचा. दिग्दर्शक शंकर नागसुद्धा मुंबईत मराठी नाटकं करूनच मग कन्नडकडे गेला. १९९० मध्ये अपघातात गेला तेव्हा जेमतेम पस्तिशीचा होता. एवढ्या वयात एवढं काम, आपण काय केलं त्या वयात, ईएमआय भरले.

लेकीला, वय दहा, पहिल्या पंधरा मिनिटांत कंटाळा आला, "बाबा यात काही होतच नाहीये". मग तो चोराचा भाग लागला. वडील पेपरातली बातमी वाचून दाखवतात की एक पोरगा वाघाशी लढला, धाडस असेल तर काहीही जमतं, आणि स्वामीला म्हणतात आज आजीजवळ नाही, ऑफिसच्या खोलीत एकटा झोपून दाखव. त्या पोराचं ते पाय ओढत जाणं, शेवटची आशा म्हणून आजीकडे बघणं, मास्टर मंजुनाथने काय केलंय ते, शब्द नाहीत राव. लेक माझ्या शर्टाला धरून बसली होती. लहानपणी मला या भागात स्वामीचीच दया यायची, यावेळी मात्र मला कार्नाडांचा चेहरा बघून कसंतरी झालं कारण आदल्याच आठवड्यात मीही लेकीला पोहायच्या टाकीत असंच ढकललेलं.

आणि या सेटमधला खरा शोध म्हणजे मोठ्यांच्या गोष्टी, ज्या तेव्हा मी बघितल्याच नव्हत्या, स्वामी नसला की आम्ही खेळायला पळायचो. पंचेचाळीस रुपये पगारवाला भाग बघाच, त्यात कन्नड सिनेमातला विष्णुवर्धन आहे. कारकून बाप, पोरीला सिनेमाला न्यायचं कबूल करून बसलेला, साहेब सोडेना म्हणून चिडून राजीनामा लिहितो आणि तेवढ्यात कळतं पगार पाच रुपयांनी वाढला. पुढचं सांगत नाही. भाग संपल्यावर आमच्या हॉलमध्ये कोणी बोललं नाही, आईने मग उगाच विचारलं गॅस बंद केला का.

आता तक्रारी. कोणत्या कंपनीचा सेट ते लिहीत नाही, पण कव्हरवर भागांची यादी नाही, म्हणजे कुठली डिस्क लावली की काय लागेल हा मटका. चित्र बरंच पुसट आहे, मोठ्या टीव्हीवर माणसं पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात, मी शेवटी खुर्च्या मागे सरकवल्या. आवाजात खरखर. सबटायटल्स नाहीत. नंतर कविता लंकेश यांनी केलेले भाग यात नाहीत, फक्त शंकर नागचेच आहेत, माझं काही अडलं नाही. एक खटकलं ते मालिकेचंच, काही पात्रांची हिंदी फार पुस्तकी वाटते आणि मध्येमध्ये ओठ एकीकडे शब्द एकीकडे. दोन दिवसांत सवय होते.

ज्यांना पटापट काहीतरी घडायला लागतं त्यांनी घेऊ नका, पैसे वाया. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर डोळे झाकून घ्या. आमच्याकडे आता शिमोगा जिल्ह्यातलं अरसाळू स्टेशन बघायला जायचं चाललंय, तेच मालिकेतलं मालगुडी स्टेशन, तिथे आता म्युझियम केलंय. आई म्हणते पावसाळ्यातच जायचं, लेक म्हणते ट्रेननेच जायचं.

पाचपैकी चार. एक स्टार तिसऱ्या डिस्कने खाल्ला, मिठाईवाल्याच्या गोष्टीत अनंत नाग तोंड उघडतो आणि तिथेच अडकतो, साबणाच्या पाण्याने धुऊन झालं, टूथपेस्ट लावून झाली, तो अजून तोंड उघडूनच आहे.