कॅम्पर ओढायला पिकअप कोणती? हिलक्स, व्ही-क्रॉस की आपली बोलेरो कॅम्पर

"भावजी, हिलक्स घ्यायचं नक्की केलंय. आता हूक कुठं बसवून घेऊ तेवढं सांगा."

बेळगावजवळच्या खानापूरच्या मेव्हण्याचा फोन. त्याने एक वापरलेला कॅम्पर ट्रेलर हेरून ठेवलाय. चौघं झोपतील असा, मागे छोटं किचन, वर सोलर. शुक्रवारी संध्याकाळी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं, नाहीतर आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे. मी विचारलं, कॅम्परचं वजन किती? म्हणाला, "असेल की सात-आठशे किलो. दोनशे चार हॉर्सपॉवरला काय होतंय?"

इथंच घोळ आहे. आपल्या भागात ओढण्याचं कौतुक कुणाला सांगायचं? ऊस सुरू झाला की पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या भरून संकेश्वर, निपाणीकडच्या रस्त्यांवर रोज दिसतो. ओढायला ताकद फार लागत नाही, सावकाश गिअर लागतो. पण तो ट्रॅक्टर सायकलच्या वेगाने जातो, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो हेही आपल्याला माहीत आहे. तीच ट्रॉली साठच्या वेगाने घाट उतरायला लावली तर काय होईल, याचा विचार करून मग पिकअप निवडायची. म्हणून मेव्हण्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

आधी काटा, मग शोरूम

माझा स्वतःचा कॅम्पर एका कारागिराने बनवून दिला. बोलीवर वजन होतं ७२० किलो. पहिल्याच फेरीत वंटमुरी घाटाच्या उताराला मागून एक व्होल्वो बस सुसाट पुढे गेली आणि ट्रेलर नागासारखा वळवळायला लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी थोडा जास्त. माझी गाडी जुनी २.५ लिटरची व्ही-क्रॉस. पाय ब्रेकवर जात होता, तो कसाबसा आवरला, फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग चाळिसाखाली आल्यावर वळवळ थांबली. बायको दहा मिनिटं काही बोलली नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पर वजनकाट्यावर नेला. सुटा करून पूर्ण चढवला, तर १०६० किलो. भरलेल्या गॅसच्या दोन टाक्या म्हणजे साठ किलोच्या आसपास, ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, बॅटरी, छत्री, खुर्च्या, भांडी. बोलीवरचं वजन रिकाम्या सांगाड्याचं होतं. मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवली. १०१० किलो. म्हणजे हूकवर वजन होतं फक्त ५० किलो.

बैलगाडी भरताना जुनी माणसं एक गोष्ट बघायची: गाडी उलाळ होत नाही ना. मागे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून उचलतं, गाडी सैल पडते. कॅम्परचंही अगदी तेच. एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार हूकवर पाहिजे. माझी पाण्याची टाकी पलंगाखाली, पार मागे होती. ती चाकांच्या आसाच्या पुढे घेतली, गॅस पुढच्या पेटीत टाकला, पुन्हा काट्यावर गेलो. जोडलेल्या ट्रेलरची चाकं ९५५. म्हणजे हूकवर १०५ किलो. त्यानंतर बसेस किती तरी गेल्या, ट्रेलर हलला नाही.

काट्याला लागलेले पैसे एका प्लेट मिसळीपेक्षा फार नव्हते. एवढं केल्याशिवाय कुठलीच पिकअप "पुरेशी" आहे की नाही ते कळत नाही.

आता गाड्या

आपल्याकडे पाच माणसं बसतील अशा, आणि कॅम्पर ओढायला विचारात घेण्यासारख्या पिकअप हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. टोयोटा हिलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या एका बाजूला. महिंद्रा बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा क्रू कॅब दुसऱ्या बाजूला.

हिलक्स २०२२ पासून भारतात आहे, आपल्याच राज्यात, कर्नाटकात, बिडदीला जुळते. २.८ लिटर डिझेल, २०४ हॉर्सपॉवर. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकला ५००. सगळी मॉडेल फोर बाय फोर. व्ही-क्रॉस आंध्रातल्या श्रीसिटीला बनते. आता १.९ लिटर इंजिन, १६३ हॉर्सपॉवर, ३६० न्यूटन मीटर. हिच्यात टू-व्हील ड्राइव्हही मिळते. लांबी दोघींची जवळपास सारखी, सव्वापाच मीटरच्या वर. दोघींना मागे पाटे, दोघींना मागे ड्रम ब्रेक. कागदावर बघितलं तर सख्ख्या बहिणी, फक्त एक धष्टपुष्ट.

फरक जाणवतो तो चढाला आणि अडखळत चालताना. चोर्ल्याच्या वळणावर पुढे भरलेला ट्रक थांबला, आपण मागे कॅम्परसह थांबलो, आणि आता चढावर परत हलायचंय. मॅन्युअल गाडीत इथं क्लच जळतो. दोन-तीनदा असं झालं की वास येतोच. ऑटोमॅटिकला क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, गाडी शांतपणे पुढे सरकते. हिलक्सचा ५०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणून अशा जागी ती लोण्यासारखी निघते. व्ही-क्रॉस ऑटोमॅटिकही निघते, पण इंजिनला थोडं वर फिरवावं लागतं. व्ही-क्रॉसचा पूर्ण जोर २००० आरपीएमला येतो. हजार-अकराशे किलोच्या कॅम्परला तेवढं पुरतं. दोन टनांच्या मोठ्या कॅम्परला मी ती घेणार नाही.

म्हणजे मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा प्रश्न मला हिलक्स की व्ही-क्रॉस या प्रश्नाहून मोठा वाटतो. हिलक्स मॅन्युअल आणि व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक समोर ठेवली तर कॅम्परसाठी मी दुसरी उचलीन. घरातले जुने ड्रायव्हर "ऑटोमॅटिकला घाटात इंजिन ब्रेक नाही" म्हणतात. तसं नाही. लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन तिसरा किंवा दुसरा गिअर धरून ठेवता येतो. मात्र तो उतार सुरू होण्याआधी घ्यायचा. वेग वाढल्यावर घाईने गिअर उतरवायला गेलं की उशीर झालेला असतो.

फोर बाय फोरबद्दल दोन ओळी. कोरड्या डांबरावर तो लावायचा नसतो, दोघींचीही ती पद्धत नाही. उपयोग आहे तो पावसाने मऊ झालेल्या माळावर कॅम्पर लावताना आणि लो रेंजमध्ये सावकाश मागे घेताना. फक्त रिसॉर्टच्या फरशीवर कॅम्पर लावणार असाल तर टू-व्हील व्ही-क्रॉस चालून जाईल.

३५०० किलोचा मोह

नेटवर हिलक्सचा व्हिडिओ बघितला की ३५०० किलो ओढते असं ऐकू येतं. खरं आहे, परदेशातल्या मॉडेलसाठी. १.९ लिटरच्या डी-मॅक्सलाही (व्ही-क्रॉसचं परदेशातलं नाव) ब्रिटनमध्ये हाच आकडा दिलेला होता. पण तो ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आकडा आहे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला युरोपात ७५० किलोच्या वर परवानगीच नाही. आणि परदेशी आकडा आपल्या इथल्या गाडीला आपोआप लागू होत नाही. इथल्या गाडीच्या मालक-पुस्तिकेत ओढण्याबद्दल काय छापलंय ते वाचा, आणि डीलरकडून लेखी घ्या. तोंडी "आरामात जाईल सर" याला इन्शुरन्सवाला विचारत नाही.

दुसरा आकडा लोक विसरतात तो गाडीच्या पाठीवरच्या भाराचा. हूकवरचे १०५ किलो गाडीच्याच पाठीवर येतात. त्यात पाच माणसं, हौद्यात जनरेटर, बर्फाची पेटी, सायकली. मालासकट कमाल वजनातून गाडीचं रिकामं वजन वजा करा, उरेल तेवढ्यात हे सगळं बसलं पाहिजे. गंमत अशी की इथं महागड्या दोघी मागे पडतात. पाठीवर टनभर घेऊन जाणारी आपली बोलेरो कॅम्पर या हिशेबात त्यांच्या पुढे.

मग बोलेरो कॅम्परच का नको?

मेव्हण्याचा भाऊ दुधाच्या धंद्याला तीच वापरतो, म्हणून हा प्रश्न आलाच. २५२३ सीसीचं इंजिन, ७५ हॉर्सपॉवर, २०० न्यूटन मीटर. योद्धा २.२ लिटर, १०० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर. मजबूत पाटे, गावोगावी मेकॅनिक, स्पेअर कुठंही. किमतीला हिलक्स ऑटोमॅटिक तिपटीहून महाग.

सहाशे-सातशे किलोचा, काट्यावर सिद्ध झालेला छोटा कॅम्पर असेल, चाळीस-पन्नासच्या वेगाने जायची तयारी असेल, तर योद्धा मला पटते. पण ट्रेलर वळवळायला लागला तर व्ही-क्रॉस-हिलक्सच्या वरच्या मॉडेलमध्ये गाडी घसरू नये म्हणून जी इलेक्ट्रॉनिक मदत असते, ती बोलेरो कॅम्पर आणि योद्धात नाही. शिवाय पाटी पिवळी. म्हणजे नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस, आणि गोव्याच्या सीमेवर मालवाहू गाडीने झोपायची व्यवस्था कशाला ओढताय याचं उत्तर.

सीमाभागातली आणखी एक सवय: कर जास्त म्हणून कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर एमएच-०९ ची पाटी. कर्नाटकात वीस लाखांवरच्या मोटारीला कराचा दर चांगलाच बसतो, त्यामुळे मोह समजू शकतो. पण बारा महिन्यांहून जास्त गाडी इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो, कायद्याचं कलम ४७ तेच सांगतं. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी, स्वतःची पाटी आणि दिवे लागतात. घरी वेल्डिंग केलेल्या कॅम्परची नोंदणी होईल का, हे तो विकत घेण्याआधी आरटीओत विचारायचं, नंतर नाही. पॉलिसीतही ट्रेलरची नोंद करून घ्या.

पैसे कुठं घालायचे

हिलक्स ऑटोमॅटिक आणि व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक यांच्यात काही लाखांचा फरक पडतो. माझं म्हणणं, हजार-बाराशे किलोच्या कॅम्परसाठी व्ही-क्रॉस घ्या आणि त्या फरकातले थोडे पैसे ट्रेलरच्या ब्रेकला घाला. ब्रेक नसलेला कॅम्पर ओढणारी हिलक्स मला ब्रेक असलेला कॅम्पर ओढणाऱ्या व्ही-क्रॉसहून धोक्याची वाटते. चाळीसऐवजी साठने उतरलात तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, ती सगळी पिकअपच्या चार चाकांनी का पचवायची?

ब्रेक दोन प्रकारचे. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, दांडा आत सरकतो आणि ब्रेक ओढला जातो. वायरिंग नाही, साधं काम. इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये कॅबिनमध्ये छोटा कंट्रोलर बसतो, आणि नुसता ट्रेलरचा ब्रेक हाताने लावता येतो. वंटमुरीला माझ्याकडे तो असता तर ट्रेलर तिथल्या तिथं सरळ झाला असता. घाट रोजचा असेल तर हाच बसवा. सोबत ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी तार आणि खाली फुलीसारख्या दोन साखळ्या.

हूक उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, करून घ्यायला हरकत नाही. फाउंड्री आणि मशीनकामात बेळगावचा हात कोण धरणार? पण बंपरला नको, चॅसीला, आणि वेल्डिंग नको, बोल्टने. मी ज्या शेडमध्ये गेलो तिथला म्हातारा फिटर चॅसीवर टॉर्च मारून म्हणाला, "सर, हिथं वेल्डिंग मारलं तर उष्णतेनं पट्टी मऊ पडतीय. कंपनीचीच भोकं बघूया." त्याने अर्धा तास बघून कंपनीने ठेवलेली चार भोकं शोधली, हाय-टेन्साइल बोल्ट मागवले. हूकवरचा गोळा ५० मिलिमीटरचा की दोन इंचांचा, हे कॅम्परच्या कपलरवर (गोळ्यावर बसणाऱ्या वाटीवर) बघून घ्या. दोन इंच म्हणजे ५०.८, आणि ५० च्या कपलरवर तो जबरदस्तीने बसवायचा नसतो.

मेव्हणा हे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ठीक आहे, रविवारी कॅम्पर बघायला जातोय, येताना काट्यावर नेतो. रविवारी रात्री फोन आला. विकणारा कॅम्पर काट्यावर न्यायला तयार झाला नाही.

दुसरा कॅम्पर शोधतोय आता.