कादंबरी वाचून मत लिहायला शिकवणं : पाचवीच्या वर्गातले आठ महिने

जूनमध्ये मी वर्गाला 'मोबाइल चांगला की वाईट? तुमचे मत लिहा' असा विषय दिला होता. ३१ वह्या आल्या. जवळजवळ सगळ्यांत आधी फायदे, मग तोटे आणि शेवटी 'म्हणून मोबाइलचा वापर जपून करावा'. वाक्यं गाइडमधली, मत कुणाचंच नाही. मला फार वाईट वाटलं, कारण हीच मुलं मधल्या सुट्टीत कोण आउट होता यावरून तावातावाने भांडतात.

म्हणून जुलैपासून आठवड्यातून दोनदा शेवटच्या तासाला मोठ्याने कादंबरी वाचायची आणि तिच्यावरून लिहायचं, असं सुरू केलं. फेब्रुवारीअखेर तीन पुस्तकं झाली.

सुरुवात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने केली. मुलं घंटा झाली तरी उठेनात. लेखनाच्या बाजूने मात्र हाती फार थोडं लागलं. सगळा वर्ग फेणेच्याच बाजूचा, मग वाद कशावर घालणार? ऐकायची गोडी लागली, एवढ्यासाठी पहिलं पुस्तक हेच ठेवीन.

मग साने गुरुजींची 'श्यामची आई'. यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे. एक रात्र एका तासात वाचून होते. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, त्यामुळे पुस्तक आता स्वामित्वहक्कातून मोकळं आहे आणि हव्या त्या प्रकरणाच्या प्रती काढून वाटता येतात. वर्गात एकच प्रत असणाऱ्यांना ही मोठीच सोय. भाषा जुनी, कोकणातली. दर पानाला दोन-तीन शब्द समजावून सांगावे लागतात. त्याची तयारी ठेवा.

बाराव्या रात्री पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारते. विचारलं, 'आईने मारायला हवं होतं का?' सगळ्या वह्यांत एकच : आई थोर होती. एका मुलीने तर विचारलं, 'बाई, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा ना, तसं लिहिते.' तो तास मी विसरणार नाही. आई बरोबर आहे हे माझ्या वाचण्याच्या सुरातूनच मुलांना कळत होतं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. चर्चेत मी मत द्यायचं नाही. आणि जमिनीवर खडूने रेघ ओढायची : 'हो'वाले इकडे, 'नाही'वाले तिकडे. बाजू बदलायला पूर्ण मुभा, फक्त पुस्तकातल्या कोणत्या वाक्यामुळे बदलली ते सांगायचं. लिहायचं ते यानंतर.

अठराव्या रात्रीच्या अळणी भाजीवर हे पहिल्यांदा खरं रंगलं. आई भाजीत मीठ घालायला विसरली, वडील आणि मुलं एक शब्द न बोलता जेवली. आईला कळलं ते स्वतः घास घेतल्यावर. वडिलांनी सांगायला हवं होतं का? वर्ग निम्मा निम्मा फुटला. एरवी दोन ओळींवर थांबणाऱ्या एका मुलाने पानभर लिहिलं : आईला नंतर हळहळ वाटली, म्हणजे न सांगून तिचं दुःख वाचलं नाही, फक्त उशिरा आलं. शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. त्या दिवशी एकही खूण केली नाही.

तिसरं 'तोत्तोचान', चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात. खरं तर या जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागींच्या शाळेतल्या आठवणी, तोत्तोचान म्हणजे त्याच लहानपणी, पण मुलं कादंबरीसारख्याच ऐकतात. पहिल्या शाळेने काढून टाकलं हे आई तोत्तोचानला विशीपर्यंत कळू देत नाही. हे ऐकताच मागच्या रांगेतून आवाज आला, 'बाई, ही पण अळणी भाजीच!' दोन पुस्तकं, दोन घरं, आणि मायेपोटी लपवलेली गोष्ट. त्या आठवड्यातलं लेखन वर्षभरातलं सर्वांत सकस होतं. अळणी भाजीत 'सांगायलाच हवं'वाल्या बऱ्याच जणांनी इथे बाजू बदलली, कारण तोत्तोचान तेव्हा फारच लहान होती.

फळ्यावर मी 'मला वाटतं… कारण… पुस्तकात असं आहे की…' असा साचा दिला होता. दिवाळीपर्यंत त्याने हात धरला, नंतर तोच पाय ओढू लागला. पुसून टाकल्यावर बरीच मुलं मोकळी झाली. सात-आठ जणांना तो अजून लागतो, त्यांच्या वहीत ठेवला आहे. 'कारण मला तसंच वाटतं' हे कारण थांबवायला एकच उपाय चालला : शेजारी पान क्रमांक लिहायचा.

त्रास तपासण्याचा. ३१ वेगळी मतं वाचायला दोन संध्याकाळी जातात.

फेब्रुवारीत मोबाइलचा जुना विषय पुन्हा दिला. १९ मुलांनी एक बाजू धरून कारणं दिली. बाकीच्यांच्या वहीत परत फायदे-तोटे उतरले. कारण विचारलं तर एक जण म्हणाला, 'यात पान कुठे आहे बाई, बघायला?' जूनपासून अशा विषयांना आठवडाभर आधी घरच्यांना प्रश्न विचारून, त्यांचं बोलणं वहीत टिपून आणायला सांगणार आहे. मग त्यांच्याकडे बघायला पान असेल.