"फॅक्टरी फ्लेक्स फ्युएल" सांगून विकलेली गाडी आणि बोनेटखालचा डबा

पुण्यात कुणी तुम्हाला जुनी, छोटी टर्बो ऑटोमॅटिक एसयूव्ही "फ्लेक्स फ्युएल आहे, इथेनॉलवर चालते" असं सांगून दाखवत असेल, तर आधी आरसी हातात घ्या आणि इंधनाचा रकाना वाचा. तिथं नुसतं पेट्रोल लिहिलेलं असेल तर पुढं बोलणीच करू नका. आमच्या घरी हे २०२४ च्या दिवाळीनंतर घडलं. ज्यानं केलं तो आजही वाकडच्या बाजूला सर्व्हिस रोडला लागून गाड्या विकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे त्याचं नाव देत नाही. गाडीच्या कंपनीचं नावही देत नाही, कारण कंपनीनं ही गाडी फ्लेक्स फ्युएल म्हणून कधी विकलीच नव्हती. तिचा यात काडीचा संबंध नाही.

बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लचची गाडी बंद करायला सांगितली. गाडी चालवणं मात्र त्यांना सोडायचं नव्हतं. बारामतीकडं काकांची ऊसशेती आहे, तिकडं त्यांचं सारखं जाणं-येणं असतं. बसायला-उतरायला उंच, शहरात वळवायला लहान, आणि ऑटोमॅटिक, एवढीच आमची अट होती. नवीन गाडी बजेटमध्ये बसत नव्हती, म्हणून सेकंडहँड बघत होतो. तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, एमएच-१२ पासिंग, फर्स्ट ओनर, रंगाला कुठं ओरखडा नाही, अशी ही गाडी समोर आली.

विक्रेता तरुण, बोलायला गोड. बाबांनी बोलता बोलता शेतीचा विषय काढला आणि त्यानं तिथंच पकडलं. "काका, मग ही गाडी तुमच्यासाठीच आहे. फ्लेक्स फ्युएल आहे. तुमच्याच उसाच्या इथेनॉलवर धावणार." त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला ई२० चा स्टिकर दाखवला. मग बोनेट उघडून बॅटरीमागं बसवलेला काळा डबा दाखवला. त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. "हा इथेनॉलचा कंट्रोलर. फॅक्टरी फिटेड." वरून म्हणाला, पुण्यात इथेनॉलचे पंप सरकारनंच सुरू केलेत, आणि ब्राझीलमध्ये अशाच छोट्या टर्बो एसयूव्ही इथेनॉलवर धावतात.

यातली पंपांची आणि ब्राझीलची गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो. ५ जून २०२१ ला, पर्यावरण दिनी, पंतप्रधानांनी ई१०० (म्हणजे जवळजवळ शुद्ध इथेनॉल) इंधनाचा प्रायोगिक प्रकल्प पुण्यातच सुरू केला होता. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर इथेनॉल १०० मिळू लागलं. ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स फ्युएल गाड्या विकल्या जातात. तिथल्या फोक्सवॅगन टी-क्रॉसचं एक लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर ११६ आणि इथेनॉलवर १२८ अश्वशक्ती देतं, तेही ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. घरी येऊन मोबाइलवर शोधलं तर हे सगळं जसंच्या तसं सापडतं. फक्त त्यातलं काहीही तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीला लागू नसतं.

ई२० चा स्टिकर म्हणजे काय, हे प्रत्येकानं समजून घ्यायला हवं. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल या गाडीला चालतं, एवढाच त्याचा अर्थ. ते पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि आता तेच सगळीकडं मिळतं. फ्लेक्स फ्युएल गाडीला मात्र इथेनॉलचं प्रमाण २० असो की ८५, इंजिनानं स्वतः ओळखून जुळवून घ्यावं लागतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला जेमतेम ९. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन सोडावं लागतं. त्यासाठी इंजेक्टर, पंप, रबरी नळ्या, व्हॉल्व्ह सीट आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं त्या हिशोबानं बनवलेलं असतं. हे काम बाहेरून एक डबा अडकवून होत नाही. आम्ही गाडी घेतली त्या सुमारास भारतात शोरूममध्ये जाऊन साध्या ग्राहकाला घेता येईल अशी एकही फ्लेक्स फ्युएल मोटार नव्हती. टोयोटाच्या इनोव्हाचा नमुना ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत नितीन गडकरींच्या हस्ते दाखवला गेला होता, तोही नमुनाच. विक्रीला होत्या त्या मोजक्या मोटारसायकली.

"इथेनॉल स्वस्त, म्हणजे निम्म्यात काम" हा त्या विक्रेत्याचा हिशोबही खोटा. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज तेवढं पडतंच. ब्राझीलमध्ये लोक पंपावर साधा हिशोब करतात, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते टाकायचं. आम्हाला हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

टेस्ट ड्राइव्ह त्यानं दिली ती सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर, आणि जेमतेम चहा होईल एवढ्या वेळाची. गाडी लोण्यासारखी चालली. पावतीवर मात्र त्यानं "जुनी गाडी, आहे त्या स्थितीत" एवढंच लिहिलं. मी फ्लेक्स फ्युएलचा उल्लेख टाकायला सांगितला तर म्हणाला, "ताई, सॉफ्टवेअरमध्ये तसा कॉलम नाही, व्हॉट्सॲपवर लिहून देतो." आणि दिलंही, "फॅक्टरी फ्लेक्स फ्युएल, इथेनॉल ओके." तो मेसेज आज आमच्या तक्रारीचा कणा आहे.

डिसेंबरात आम्ही ई१०० च्या पंपावर गेलो. तिथल्या मुलानं विचारलं, "फ्लेक्स आहे ना?" बाबांनी मोठ्या अभिमानानं हो सांगितलं. टाकीत पेट्रोल कमीच उरलं होतं, त्यावर इथेनॉल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती आणि गाडी चालू होईना. स्टार्टर नुसता फिरत राहिला. थंडीत इथेनॉलची वाफ पेट्रोलइतकी सहज होत नाही. ब्राझीलच्या जुन्या फ्लेक्स गाड्यांत याच कारणासाठी सुरुवातीला पेट्रोल सोडायची वेगळी छोटी टाकी असायची. आमची एकदाची चालू झाली ती मिसिंग मारतच, आणि डॅशबोर्डवर इंजिनाची पिवळी लाइट लागली. कात्रजच्या चढावर टर्बोचा जोर यायच्या जागी गाडी धापा टाकायला लागली. मागून ट्रक हॉर्न देतायत, बाबा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बसलेत आणि गाडी ओढत नाही. त्या दहा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याचा राग मला अजून आहे.

विक्रेत्याला फोन केला. "थंडी आहे ताई. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो ना, तो काकांचा पाय शिकतोय. पंधरा दिवस द्या." पुन्हा केला तर, "सॉफ्टवेअर अपडेट करू." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

शेवटी ओळखीतून नाना पेठेतल्या एका मेकॅनिककडं गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा तो डबा बघितला. प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांनी बांधलेला. त्यातून वायरींचा जाड जुडगा निघून इंजेक्टरच्या दिशेनं गेलेला, वर काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली. त्यांनी ब्लेडनं टेप उभी चिरली. आतल्या वायरींची टोकं कापून तिथंच सोडून दिलेली होती. इंजेक्टरपर्यंत एकही पोचत नव्हती. फक्त दोन वायरी बॅटरीला जोडलेल्या, त्या हिरव्या दिव्यासाठी. डबा उघडला तर आत दिवा लुकलुकवणारं बोटाएवढं सर्किट, बाकी पोकळ.

मग त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. कॉम्प्युटर आपल्या परीनं जास्तीत जास्त इंधन सोडत होता, तरी पुरत नव्हतं. त्यापुढची गोष्ट मला माहीतच नव्हती, आणि ती सगळ्यांना माहीत व्हावी असं फार वाटतं. जुने बिघाडाचे कोड पुसले की बहुतेक गाड्या त्यानंतर किती किलोमीटर चालल्या ते मोजत राहतात, आणि साध्या स्कॅनरवर ते दिसतं. आमच्या गाडीत तो आकडा आणि आम्ही ताब्यात घेतल्यापासूनचं रनिंग यांत पंधराएक किलोमीटरचा फरक होता. म्हणजे आम्हाला दाखवायच्या जरा आधीच कोड पुसले होते. इंधन बदलून, प्लग टाकून इंजिन सुधारलं, पण विद्यापीठ चौकातल्या गर्दीत अर्धा तास रांगत गेलं की पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरायची. म्हणजे पुसलेले कोड गिअरबॉक्सचे असणार, असं मेकॅनिक म्हणाले.

ते खरं निघालं. आरसीवर आधीच्या मालकांचं नाव होतं, त्यांना मी शोधून फोन केला. भला माणूस. म्हणाले, "मी साधी पेट्रोल गाडी म्हणून दिली. गिअरबॉक्समधल्या क्लच पॅकचा खर्च परवडत नव्हता म्हणूनच काढली, आणि हे त्या डीलरला स्पष्ट सांगितलं होतं." अधिकृत वर्कशॉपनं त्यांना दिलेलं एस्टिमेट त्यांनी मला पाठवलं. डबा त्यांच्या काळात गाडीत नव्हता.

डीलरचं उत्तर ठरलेलं होतं. "आम्ही फक्त मध्यस्थ, मालकाशी बोला." कारण गाडी त्यानं स्वतःच्या नावावर कधी घेतलीच नव्हती. मालकी बदलायचे, मालकांच्या सह्या असलेले फॉर्म २९ आणि ३० खिशात ठेवून थेट आमच्या नावावर केली. १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृतता घ्यायची, ते प्रमाणपत्र फॉर्म २९बी, आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी वर करायची. या डीलरकडं दोन्ही नव्हतं. पुण्यात असे कितीतरी जण रस्त्याकडेला दुकान मांडून बसलेत आणि त्यांना कुणी विचारत नाही, हे मला चीड आणणारं वाटतं. २९बी बघितल्याशिवाय टोकनचे हजार रुपयेही देऊ नका.

समजा डबा खरा असता, तरी आम्ही अडचणीतच आलो असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची मूळ माहिती बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी तिथंच बोट ठेवू शकते.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली, आणि मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. फोन बदलला तरी जुना फोन जपून ठेवा.

ज्यांच्या गाडीत असा डबा असेल त्यांनी तो रागाच्या भरात उचकटून फेकू नये. जागेवर असतानाच फोटो काढा, वायरी कुठं जातात त्याचा सलग व्हिडिओ घ्या, स्कॅनरचा रिपोर्ट प्रिंट करा आणि मेकॅनिककडून तारीख टाकून सहीनिशी लिहून घ्या. आमच्या नाना पेठेतल्या मेकॅनिकनी हे सगळं न सांगता करून दिलं होतं. आता समोरचा वकील "डबा तुम्हीच बसवला" म्हणतोय, तेव्हा तोच कागद आणि आधीच्या मालकांचं शपथपत्र आमच्या कामाला येतंय.