डेडिकेटेड सर्व्हर घेताना: तीन कोटेशनं शेजारी ठेवून

दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक ते अडीच एका जिल्हा दैनिकाची साईट बसली होती. ती साईट मी सांभाळतो, त्यामुळे फोन मलाच. प्रोसेसर जेमतेम तीस टक्के, रॅम शिल्लक, आणि आयओस्टॅट (डिस्क किती गुंतलीय ते दाखवणारी लिनक्सची आज्ञा) उघडलं तर डिस्कसमोर शंभर टक्के. एकेका विनंतीला डिस्क दोनशे मिलिसेकंद ताटकळत ठेवत होती. साईट व्हीपीएसवर, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत वाटलेल्या मशीनच्या एका तुकड्यावर होती; तिथला कुणी शेजारी त्याच वेळी बॅकअप घेत असावा. आपल्या हातात काहीच नाही.

मग दैनिकाच्या मालकांनी डेडिकेटेड, म्हणजे पूर्ण आपल्याच वापराच्या, सर्व्हरचं मनावर घेतलं आणि टेबलावर तीन कोटेशनं आली. तुम्ही घ्यायला निघालात तर तुमच्यासमोरही थोड्याफार फरकाने हेच तीन प्रकार येतील.

पहिलं: रिफर्बिश्ड डेल आर७३०, दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ म्हणजे एकूण २८ कोअर, १२८ जीबी रॅम, ४ टीबीच्या चार ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी मांडणी. मशीन आपलं, जागा दुसऱ्याच्या रॅकमध्ये. दुसरं: जर्मनीतलं भाड्याचं मशीन, ८ कोअरचा रायझन, ६४ जीबी साधी रॅम, १ टीबीच्या दोन डेस्कटॉप दर्जाच्या एनव्हीएमई (वेगवान जोडणीच्या एसएसडी, म्हणजे चिपवाल्या डिस्क). तिसरं: मुंबईतलं भाड्याचं, ८ कोअरचा झिऑन ई-२३८८जी, ६४ जीबी ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करणारी) रॅम, ९६० जीबीच्या दोन डेटासेंटर दर्जाच्या सॅटा (जुन्या, हळू जोडणीच्या) एसएसडी, शिवाय ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क.

मालक म्हणाले, "अहो, पहिल्यात अठ्ठावीस कोअर आहेत आणि बारा टीबी जागा. तुमच्या तिसऱ्यात आठच कोअर. मग प्रश्न कुठे आलाय?"

कोअरचं आधी उरकून टाकू. पीएचपीत (साईटची पानं बनवणाऱ्या भाषेत) एका वाचकाने मागितलेलं एक पान एकाच कोअरवर तयार होतं. उरलेले सत्तावीस त्याला मदत करत नाहीत, ते दुसऱ्या वाचकांसाठी असतात. २०१६चा ई५-२६८० व्ही४ मूळ २.४ गिगाहर्ट्झचा, फार तर ३.३ पर्यंत जातो. ई-२३८८जी ५.१ पर्यंत. एकाच मशीनवर दहा-पंधरा व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील तर जुना झिऑन उत्तम आहे, पण एका साईटसाठी पान लवकर हवं. शिवाय ते दोन प्रोसेसर प्रत्येकी १२० वॅटचे. सर्व्हर सरासरी २५० वॅट ओढत राहिला तर वर्षाला जवळपास २,१९० युनिटं होतात, आणि रॅकवाला ती तुमच्याच बिलात लावणार.

आता रॅम. डिस्कवर वाचायला जाण्याची वेळच येऊ नये, हे काम रॅमचं. आमचा डेटाबेस ८ जीबीचा. पीएचपीचे पन्नास वर्कर प्रत्येकी ६० एमबी धरले तरी ३ जीबी. ६४ जीबीत पूर्ण डेटाबेस बफर पूलमध्ये (डेटाबेसने रॅममध्ये राखलेल्या जागेत) बसतो आणि लिनक्स उरलेल्या जागेत गरम, म्हणजे वारंवार लागणाऱ्या, फाइली धरून ठेवतो. सर्व्हर सुरू होऊन तासभर झाला की वाचनासाठी डिस्कला क्वचितच हात लागतो. म्हणून एनव्हीएमईच्या खोक्यावर छापलेले सेकंदाला ७,००० एमबी आमच्या साईटला दिसतच नाहीत. सॅटाचे ५५० दिसत नाहीत, तर सात हजार कुठून दिसणार? (ईसीसी मात्र घ्या. डीडीआर५ रॅमच्या चिपमध्ये स्वतःपुरती दुरुस्तीची सोय असते, तिला काही विक्रेते ईसीसी म्हणून खपवतात. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही.)

वाचन रॅमने सोडवलं. डिस्ककडे उरतं लिहिणं, आणि खरी तुलना तिथे आहे.

हार्ड डिस्कचं गणित कागदावर मांडता येतं. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर खाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.२. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर न्यायला आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला विखुरलेली ऐंशीएक कामं. चार डिस्क आहेत म्हणून लिहिणं चौपट होत नाही. रेड ५ मध्ये छोटा तुकडा लिहायचा तर जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (गेलेली डिस्क पुन्हा उभी करायला लागणारा हिशोब) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही, अशी चार कामं. चार डिस्क भागिले चार, पुन्हा ऐंशी. पहिल्या कोटेशनमधल्या चार डिस्क लिहिताना एका डिस्कसारख्या वागतात.

रेड कार्डावरची बॅटरीवाली कॅश हे झाकून ठेवते. पण रिफर्बिश्ड मशीनमधली बॅटरीही रिफर्बिश्डच असते. ती गेली की कार्ड मुकाट्याने कॅश बंद करून प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहू लागतं, आणि एके दिवशी साईट उगाच मंद झाल्यासारखी वाटते. कारण कळायला आठवडा जातो.

एसएसडीमध्ये फेरा नाही, हेड नाही. तरी दोन एसएसडींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो खोक्यावर लिहिलेला नसतो. मायएसक्यूएल (आमचा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, डिस्कला सांगतं: हे आत्ताच्या आत्ता पक्कं लिही, मग मला हो म्हण. यालाच एफसिंक म्हणतात. डेस्कटॉप एसएसडीला तो डेटा खरोखर फ्लॅशमध्ये उतरवूनच हो म्हणावं लागतं. डेटासेंटरच्या एसएसडीवर कपॅसिटरची रांग असते. वीज गेली तरी कॅशमधलं खाली उतरवण्याएवढी ऊर्जा त्यांच्यात असते, म्हणून ती लगेच हो म्हणते. मी फायो या डिस्क मोजायच्या साधनाने मोजतो तेव्हा डेस्कटॉप एनव्हीएमई सेकंदाला काही शेकडो ते हजार-दीड हजार एफसिंकपाशी घुटमळते, तर कपॅसिटरवाली साधी सॅटा दहा हजारांच्या घरात जाते. जाहिरातीतला वेग दहापट जास्त असलेली डिस्क इथे मागे पडते.

कपॅसिटर आहेत का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. त्यांना जागा लागते, म्हणून डेटासेंटरच्या एम.२ (चपट्या पट्टीसारख्या) डिस्क बहुधा ११० मिलिमीटर लांब असतात, डेस्कटॉपच्या ८०. सेल्समनने २२८० (२२ मिलिमीटर रुंद, ८० लांब) म्हटलं की मी मॉडेल नंबर मागतो.

आयुष्याची भीती मात्र बरीच फुगवलेली आहे. १ टीबीच्या चांगल्या डेस्कटॉप एसएसडीला कंपनी ६०० टीबी लेखनाची हमी देते. आमची साईट लॉग, कॅश, डेटाबेस सगळं धरून दिवसाला ६० जीबी लिहिते. भागाकार केला तर सत्तावीस वर्षं. पाच वर्षं रोज एकदा पूर्ण भरता येणारी ९६० जीबीची डिस्क सुमारे १,७५० टीबी सोसते, पण आम्हाला त्याची गरजच नाही. डेटासेंटर एसएसडी कपॅसिटरसाठी घ्यायची. फक्त क्यूएलसीची (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी) स्वस्त डिस्क नको. सॅमसंगच्या १ टीबीच्या ८७० क्यूव्हीओची ४२ जीबी कॅश भरली की लेखन सेकंदाला ८० एमबीवर येतं, हार्ड डिस्कहूनही खाली. आणि मोठा बॅकअप परत उतरवताना नेमकी तीच वेळ येते.

दुसरं कोटेशन लगेच बाद असं नाही. पैसे आखडते असतील तर ते घ्या आणि मायएसक्यूएलमध्ये ट्रॅन्झॅक्शनच्या वेळी लॉग फ्लश करण्याचं सेटिंग १ वरून २ करा. वीज गेली किंवा सर्व्हर कोसळला तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी जातील. बातम्या आणि कॉमेंटसाठी चालतं, वर्गणीचे पैसे साईटवर घेत असाल तर नाही. एक गोष्ट मात्र कुठलीच डिस्क सुधारू शकत नाही: मुंबईहून जर्मनीला जाऊन यायला सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद. जोडणी, टीएलएस (ती जोडणी सुरक्षित करणं) आणि मग पान, अशा किमान तीन खेपा. सांगलीतल्या वाचकाचे चारशे मिलिसेकंद समुद्रातच जातात.

डिस्क मरते त्या रात्रीचा विचार करून रेड निवडावं. पहिल्या कोटेशनमध्ये एक गेली तर उरलेल्या तीन, म्हणजे १२ टीबी, अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या स्पेसिफिकेशनमध्ये साडेबारा टीबी वाचनामागे एक न वाचता येणारा सेक्टर धरलेला असतो. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात, पण ती रात्र झोपेची नसते. म्हणून माझी निवड दोन डिस्कचा मिरर (दोन्हीवर तोच डेटा), म्हणजे रेड १, तोही कार्डाशिवाय, लिनक्सच्या एमडीएडीएम या सॉफ्टवेअरने. कार्ड जळालं तर त्याच घराण्यातलं कार्ड शोधत फिरावं लागत नाही. डिस्क काढली, दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावली, वाचली.

मिररमध्येही दोन सापळे आहेत. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएएस (सर्व्हरमधल्या जोडणीच्या) एसएसडी फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या, चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील. एका दिवशी लावलेली जुळी जोडी एकाच तासाला गेली तर मिररचा उपयोग काय? दोन वेगळ्या बॅचच्या किंवा वेगळ्या मेकच्या डिस्क मागा. दुसरा सापळा माणसाचा. मागे एका डेटासेंटरला मी पहाटे लिहिलं, "दुसरी डिस्क खराब आहे, बदला." तिथल्या मुलाने डावीकडून दुसरी काढली. लिनक्सच्या मोजणीतली दुसरी तिथे पहिल्या खणात होती. चांगली डिस्क त्याच्या हातात, आजारी सर्व्हरमध्ये. तेव्हापासून माझ्या विनंतीत फक्त सीरियल नंबर असतो, शेवटचे चार अंक वेगळे काढून.

मग तिसऱ्यातल्या ८ टीबीच्या हार्ड डिस्क कशाला? ई-पेपरच्या जुन्या अंकांसाठी. सोळा पानांचा अंक २५ एमबी, वर्षाला ९ जीबी, पानांची चित्रं वेगळी कापून ठेवली की तिप्पट. शिवाय जुने फोटो आणि रोजचे डेटाबेस डंप. असलं सलग वाचन हार्ड डिस्क सेकंदाला दोनशे एमबीने करते आणि जागा स्वस्तात देते. फक्त सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी) आहे की एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढलेले, पुन्हा लिहायला मंद) ते विचारा. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘Red’ नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, आणि रेड पुन्हा उभं करताना त्या रांगू लागतात.

आणि बॅकअप दुसऱ्या गावात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एसबीजी२ डेटासेंटर जळून गेलं, तेव्हा कित्येकांचे बॅकअप त्याच आवारात होते.

मालकांनी शेवटी तिसरं घेतलं. पहिलं कोटेशन मीही पूर्ण सोडलं नाही: तसलंच मशीन, रेड ५ ऐवजी मिरर करून, बॅकअपसाठी पुढच्या वर्षी पाहू असं ठरलंय. सर्व्हर हातात आल्यावर साईट चढवण्याआधी, मंगळवारी दुपारी, मी रिमोट कन्सोलवरून बायोसमध्ये पहिल्या एसएसडीचा पोर्ट बंद केला आणि रीबूट दिला. काळा पडदा. मिरर व्यवस्थित होता, पण ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणारा बूटलोडर ठेवायचा कप्पा) एकाच डिस्कवर, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवरून मशीन उठेना. पोर्ट पुन्हा चालू करून बूटलोडर दोन्हीकडे बसवायला वीस मिनिटं लागली. मग दुसऱ्या एसएसडीचा पोर्ट बंद करून तीच परीक्षा पुन्हा घेतली.