वेसनॉथचं घोडदळ: १७ सोन्याचा कॅव्हलरीमन घ्यावा की २३ चा हॉर्समन?

‘बॅटल फॉर वेसनॉथ’मध्ये लॉयलिस्ट (माणसांची फौज) घेऊन बसलं की पहिल्याच फेरीला, १०० सोनं हातात असताना, प्रश्न येतो: घोडा कुठला घ्यायचा? नव्या खेळाडूचा हात हॉर्समनकडे जातो, कारण त्याचा एक वार बसला की समोरच्याचा अर्धा जीव जातो. कॅव्हलरीमनकडे कुणी वळून बघत नाही. ६ चे ३ वार, दुरून मारायला काही नाही, विशेष गुण एकही नाही. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: पहिला घोडा कॅव्हलरीमनच घ्या. हॉर्समन समोर कोण आहे ते कळल्यावर, आणि तोही दिवस उगवताना.

हा खेळ ज्यांनी अजून उघडलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २००३ पासून चालत आलेला, कॉम्प्युटरवर पूर्ण फुकट मिळणारा, फेरीफेरीने खेळायचा खेळ आहे. जुन्या मशीनवरही चालतो. एकाच कॉम्प्युटरवर दोघांनी आळीपाळीने खेळता येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. प्रत्येक फेरीला खेळ आपोआप सेव्ह होतो, म्हणून खानापूरकडे पावसाळ्यात मधेच वीज गेली तरी डाव बुडत नाही.

आधी चार घोडेस्वार शेजारी शेजारी बघू. वुल्फ रायडर लांडग्यावर बसतो, पण काम तेच.

| | किंमत | जीव | चाल | मार | बळ कधी |
|---|---|---|---|---|---|
| कॅव्हलरीमन | १७ | ३४ | ८ | तलवार ६×३ | दिवसा |
| हॉर्समन | २३ | ३८ | ८ | भाला ९×२, चार्ज | दिवसा |
| वुल्फ रायडर | १७ | ३२ | ८ | दात ५×३ | रात्री |
| एल्विश स्काउट | १८ | ३२ | ९ | तलवार ४×३, धनुष्य ६×२ | कायम सारखं |

आवृत्तीनुसार एखादा आकडा इकडेतिकडे होतो. शंका आली तर त्या स्वारावर राइट क्लिक करून त्याचं वर्णन उघडा, तिथला आकडा खरा.

कॅव्हलरीमन का

त्याची ताकद मारण्यात नाही, मार खाण्यात आहे. खेळात धारेचा, टोकाचा आणि ठोक्याचा मार वेगळा मोजतात. कॅव्हलरीमनला धारेचा मार ३० टक्के कमी लागतो आणि ठोक्याचा ४० टक्के कमी. हॉर्समनला हेच आकडे २० आणि ३० आहेत. कागदावर फरक किरकोळ दिसतो. रात्री ऑर्कांसमोर उभं राहिलं की कळतं.

ऑर्किश ग्रंट १२ सोन्याचा, ९ चे २ वार, धारेचे. रात्री त्याला २५ टक्के जास्त बळ असतं. तो स्पिअरमनला (लॉयलिस्टांच्या पायदळातल्या भालेकऱ्याला) मारतो तेव्हा एक वार ११ चा बसतो, कॅव्हलरीमनला तोच वार ८ चा. स्पिअरमन चार वारांत पडतो, कॅव्हलरीमनला पाच लागतात. ट्रोल व्हेल्पचा ७ चा ठोका रात्रीसुद्धा कॅव्हलरीमनला ५ चाच लागतो. उजाडेपर्यंत फळी धरायची असेल तर हा माणूस धरतो, आणि जखमी झाला तर ८ घरं मागे जाऊन गावात बसतो. गावात फेरीला ८ जीव भरतो, हलला-लढला नाही तर वर आणखी २. दोन फेऱ्यांत तो परत आघाडीला. पायदळाला एवढ्या वेळात मागच्या गावापर्यंत पोचताही येत नाही.

दुसरं काम गावं घेणं. नेहमीच्या मल्टिप्लेअर डावात प्रत्येक गाव फेरीला २ सोनं देतं आणि लेव्हल १ च्या (पहिल्या दर्जाच्या) एका सैनिकाचा पगारही उचलतं. कडेचं लांबचं गाव स्पिअरमनला पाठवून घेतलं तर तो तीन-चार फेऱ्या लढाईतून बाद. कॅव्हलरीमन ते गाव घेऊन मुख्य फळीच्या बरोबरीने पोचतो. १७ सोन्यातलं बरंचसं तिथेच वसूल होतं.

तिसरं, शत्रूची वाट अडवणं. लेव्हल १ च्या कुठल्याही सैनिकाच्या शेजारच्या घरात शत्रू शिरला की त्याला थांबावं लागतं. जखमी शत्रू मागे पळत असेल तर त्याच्या मागच्या बाजूला घोडा नेऊन उभा करा. मारला नाही तरी चालेल, तो गावापर्यंत पोचत नाही. पुढच्या फेरीला बाकीचे त्याला संपवतात.

तो कुठे मरतो

टोकाच्या मारापुढे. दोन्ही घोड्यांना टोकाचा मार २० टक्के जास्त लागतो. म्हणून ९ सोन्याचा गॉब्लिन स्पिअरमन रात्री कॅव्हलरीमनला ९ चे ३ वार देतो. १२ सोन्याच्या ग्रंटपेक्षा हा जास्त धोक्याचा! स्केलेटनची कुऱ्हाड रात्री ६ ची लागते, पण शेजारच्या स्केलेटन आर्चरचा बाण ९ चा. बुटक्यांच्या थंडररची एकच गोळी २२ ची. घोडा पुढे काढण्याआधी कंट्रोल आणि व्ही दाबून शत्रूची पोच बघा, आणि त्या पोचेत टोकवाले किती आहेत ते मोजा. दोनपेक्षा जास्त असतील तर तिथे घोडा नको.

जमिनीचं गणित तर आपल्याकडच्या माणसाला नकाशाशिवाय कळावं असं आहे. निपाणीकडच्या मोकळ्या माळासारखी जमीन असेल तर एका घराला एक चाल. टेकडीला २. खानापूरच्या जंगलासारखं रान असेल तर ३, आणि तिथे वार चुकण्याची शक्यता फक्त ३० टक्के. दलदल म्हणजे रोपलावणीसाठी चिखलणी केलेलं भाताचं शेत समजा: ४ चाली जातात आणि दहातले आठ वार अंगावर बसतात. उथळ पाण्यातही तेच. डोंगरात तर घोडा चढतच नाही, वाट बंद.

एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकतात. पायदळाला गावात आणि किल्ल्यात ६० टक्के बचाव मिळतो. घोड्याला तिथेही ४० टक्केच, म्हणजे उघड्या माळावर जेवढा तेवढाच. बेळगावात दिवाळीचा किल्ला करणारी पोरं मावळे बुरुजावर ठेवतात आणि घोडेस्वार खाली पायथ्याला, रस्त्यावर. इथेही तसंच मांडा. किल्ल्याच्या घरात स्पिअरमन, बाहेरच्या मोकळ्या घरात घोडा.

हॉर्समन: चार्ज म्हणजे काय सौदा

हॉर्समन स्वतः हल्ला करतो तेव्हा त्याचा मार दुप्पट होतो, आणि त्याला बसणारा मारही दुप्पट. दिवसाचं २५ टक्के जास्त बळ धरून ९ चा वार २२ चा होतो. दुसऱ्याने त्याच्यावर हल्ला केला तर चार्ज लागू नाही, दोन्ही बाजूंना साधा मार. सगळं प्रकरण एवढ्यावर अवलंबून आहे की समोरचा जवळून काय परत देतो.

डार्क अडेप्ट (मेलेल्यांच्या फौजेतला जादूगार) जवळून काहीच परत देत नाही. त्याचा जीव २८. दिवसा, माळावर, दोन वार बसले की गेला. ती शक्यता ३६ टक्के, आणि चुकलं तरी हॉर्समनला ओरखडाही नाही. एक वार बसला तर उरलेले ६ कुणीही काढतो.

आता स्पिअरमन. तोही दिवसाचा, भाला टोकाचा, आणि पहिला वार त्याचाच, हल्ला कुणीही करो. चार्ज केल्यावर त्याचा ७ चा वार हॉर्समनला २१ चा बसतो. दोन बसले की ३८ जीव संपला. दोघं माळावर, पूर्ण जिवानिशी, दिवसा भिडले तर हॉर्समन मरण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के आणि स्पिअरमन मरण्याची २३. २३ सोन्याचा घोडा १४ सोन्याच्या भाल्यावर घालवायचा हा सौदा आहे. लॉयलिस्ट विरुद्ध लॉयलिस्ट डावात हॉर्समन का चालत नाही याचं उत्तर एवढंच.

ड्रेक बर्नरवर (ड्रॅगनसारख्या ड्रेकांतला आग ओकणारा) मात्र हाच घोडा सोनं आहे. ड्रेकांना टोकाचा मार २० टक्के जास्त लागतो आणि माळावर त्यांना फक्त ३० टक्के बचाव. दिवसा एक वार २७ चा, बर्नरचा जीव ४२, म्हणजे दोन वारांत खलास. शक्यता ४९ टक्के. उलट तो पंज्याने १४ चे दोनच देऊ शकतो, म्हणजे जास्तीत जास्त २८. पूर्ण जिवाचा हॉर्समन त्या हल्ल्यात मरूच शकत नाही. तोच ड्रेक क्लॅशर असेल तर थांबा, त्याच्या हातात भाला आहे.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. हल्ला निवडायच्या खिडकीत डॅमेज कॅल्क्युलेशन्सचं बटण असतं, ते दाबलं की दोघांच्या मरणाची टक्केवारी दिसते. हॉर्समन वापरताना ते प्रत्येक वेळी दाबा. आणि हल्ल्यानंतर तो कुठे उभा राहणार ते बघा. बहुतेक हॉर्समन चार्जमध्ये मरत नाहीत, शत्रू मारून एकटे पुढे अडकतात आणि पुढच्या फेरीला तिघांत सापडतात.

समोर कोण, त्यावर

नॉर्दर्नर्ससमोर (ऑर्क आणि ट्रोलांची फौज) दोन कॅव्हलरीमन डोळे मिटून घ्या, ग्रंट आणि ट्रोल हेच त्यांचं मुख्य बळ. अनडेडसमोर (मेलेल्यांची फौज) एक कॅव्हलरीमन, आणि अडेप्ट जास्त दिसले तर एक हॉर्समन. स्केलेटनवर हॉर्समन पाठवू नका, टोकाचा मार त्यांना ६० टक्के कमी लागतो आणि २२ चा वार ९ वर येतो. ड्रेकांसमोर हॉर्समन, एक किंवा दोन. एल्फांसमोर सगळं जमिनीवर आहे: रानात शिरलेल्या एल्फाला वार बसणं कठीण, बाहेर ओढलात तरच घोडा कामाचा. पण वोस झाड समोर आलं तर कॅव्हलरीमन आठवा. दिवसा स्पिअरमनला १६ चा बसणारा त्याचा ठोका याला १० चा बसतो. नाल्गनसमोर (बुटक्यांची फौज), नकाशात डोंगर असतील तर, एका घोड्यावर भागवा. डोंगरावरच्या बुटक्याला खाली आणायला घोडा उपयोगाचा नाही.

गुण आणि बढती

भरती झाल्यावर दोन गुण दैवाने मिळतात. कॅव्हलरीमनला ‘स्ट्राँग’ मिळाला तर दिवसाचा वार ७ वरून ९ वर जातो, तीन वारांत ते चांगलं जाणवतं. ‘क्विक’ मिळाला तर ९ चाली, तो गावं घ्यायला ठेवा.

बढतीत कॅव्हलरीमनचा ड्रॅगून होतो: जीव ४९, चाल ९, तलवार ६×४, आणि दुरून मारायला १२ चा एक क्रॉसबो. इथेही मार भपकेदार नाही, पण आता तो जादूगारासमोर हात बांधून उभा राहत नाही.

हॉर्समनला दोन वाटा. लान्सर: १० चाली, भाला १२×३, पण दुसरं हत्यार नाही, म्हणजे हल्ला केला की चार्ज ठरलेला, आणि पुढे बढतीही नाही. नाइट: जीव ५८, भाला १४×२ शिवाय साधी तलवार ८×४. चार्ज नको तिथे तलवार काढता येते. मोहिमेत, जिथे सैनिक पुढच्या डावात नेता येतात, तिथे नाइटच घ्यावा. त्याच्या पुढे पॅलाडिन मिळतो, जो शेजारच्यांना फेरीला ४ जीव भरतो. एकाच डावात निकाल लावायचा असेल आणि शत्रूचा सरदार उघड्यावर असेल तरच लान्सर.

लांडगा आणि एल्फांचा घोडा

वुल्फ रायडर टेकडी-डोंगरात जातो, जिथे कॅव्हलरीमन अडकतो. चोर्ला घाटासारख्या नकाशात तोच खरा घोडेस्वार. पण ५ चे ३ वार रात्रीही ६ चेच होतात, आणि त्याच किमतीला जवळजवळ दीड ग्रंट येतो. एक पुरे. त्याला जखमी शत्रूचे बळी देत राहा, लवकर बढती होते. पिलेजर करा, त्याच्या जाळ्याने समोरचा मंदावतो आणि पुढचं काम ग्रंट करतात.

एल्विश स्काउट चौघांत सगळ्यात कमकुवत लढवय्या आहे. १४ सोन्याचा एल्विश फायटर त्याच्यापेक्षा जवळून चांगला मारतो. मोठ्या, पसरलेल्या नकाशावर गावं घ्यायला आणि धुक्यात पुढचं बघायला एक घ्या. छोट्या नकाशावर घेऊच नका.

पहिली भरती

लॉयलिस्ट, १०० सोनं, समोरचा अजून माहीत नाही: दोन कॅव्हलरीमन ३४, तीन स्पिअरमन ४२, एक मेज (जादूगार) २०. झाले ९६. एक घोडा डावीकडच्या लांबच्या गावांना, एक उजवीकडे, मेज मधल्या स्पिअरमनच्या मागे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला घोड्यांना शत्रूची भरती दिसते. तेव्हा बर्नर किंवा अडेप्ट दिसले आणि वरच्या पट्टीवर पहाट जवळ आली असेल, तर त्या फेरीचं सोनं हॉर्समनवर घाला. रात्र पडायला आली असेल तर ते सोनं स्पिअरमनवर जाऊ द्या, हॉर्समन पुढच्या पहाटेच्या आधी दोन फेऱ्या काढा, म्हणजे उजाडताना तो फळीपाशी पोचलेला असतो.