दारू सोडताना: चॅटबॉट की एएची सभा?

ताई, तुमचा भाऊ एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या, सभेला जायला लाजतो, म्हणून चॅटबॉट चालेल का, असं विचारलंत.

पैशाचा प्रश्न नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला फी नसते. वेळेच्या बाबतीत चॅटबॉट सरस. रात्री दोनला तलफ आली तरी उत्तर मिळतं, आणि ती ओसरेपर्यंत माणसाला बोलतं ठेवणं मोठं काम आहे.

पण चॅटबॉटपुढे खोटं पचतं. सभेत समोरच्याने तेच खोटं कधीतरी स्वतः घरच्यांना सांगितलेलं असतं, त्यामुळे तो लगेच ओळखतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर भास होऊ शकतात, फिट येऊ शकते. तिथे दोन्ही अपुरे, आधी डॉक्टर. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.

लाज मोडेपर्यंत चॅटबॉट चालेल. पुन्हा पुन्हा घसरणाऱ्याला मात्र सभाच हवी.